३४ म्हणजे काय? ऑटिझमच्या प्रश्नावल्यांची गोष्ट

आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय. आपल्या एका श्रोतीनं रात्री पावणेबाराला पाठवलेला. मेसेज एवढाच होता: "ती ५० प्रश्नांची टेस्ट केली. ३४ आले. म्हणजे मी ऑटिस्टिक आहे का?"

ही टेस्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कुणाच्या तरी रीलखाली लिंक असते. आपण सहज म्हणून उघडतो, दहा मिनिटं टिचक्या मारतो आणि शेवटी स्क्रीनवर एक आकडा येतो. खाली एक ओळ असते, की ३२ किंवा त्याहून जास्त असतील तर लक्ष द्या. मग झोप उडते.

आता, मी डॉक्टर नाही. त्यामुळे "आहे का?" याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि देणारही नाही. पण "३४ म्हणजे काय?" याचं उत्तर बऱ्यापैकी इतिहासात आहे. हे ५० प्रश्न कुणी लिहिले, कुणाला विचारून लिहिले, ३२ चा आकडा कुठून आला, हे कळलं की त्या ३४ कडे बघण्याची नजर बदलते. आजची गोष्ट तीच.

वडिलांचं ३३ पानी पत्र

१९३८ साल. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाच्या गावी डोनाल्ड नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. त्याच्या वडिलांनी बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांना एक पत्र लिहिलं. टाइप केलेलं, ३३ पानांचं! मुलगा कसा बोलतो, काय खातो, कशात रमतो, कशानं चिडतो, सगळं बारीकसारीक त्यात होतं.

१९४३ मध्ये कॅनरनी ११ मुलांवर एक लेख लिहिला. ८ मुलगे, ३ मुली. त्यातला पहिला नंबर डोनाल्डचा. आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याचा अभ्यास साधारण इथून सुरू झाला असं धरतात. पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्नामध्ये हान्स अ‍ॅस्परगर यांनी चार मुलग्यांबद्दल जर्मनमध्ये लिहिलं. त्या दोन लेखांमध्ये महायुद्ध होतं आणि भाषेची भिंतही होती. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्या बहुतेक डॉक्टरांपर्यंत अ‍ॅस्परगरचं काम कित्येक वर्षं पोचलंच नाही.

डोनाल्डच्या गोष्टीत एक मुद्दा पकडून ठेवा. ऑटिझमबद्दलची पहिली मोठी माहिती कुठून आली? वडिलांच्या पत्रातून. म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून. पुढची पन्नासेक वर्षं हेच चालू राहिलं. डॉक्टर बघणार, आई-वडील सांगणार, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो मूल म्हणून कोपऱ्यात बसणार.

मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. मूळ शब्दातही ग्रीक "ऑटोस", म्हणजे "स्वतः", आहेच. पण गंमत बघा, नावात "स्व" आणि त्या "स्व"लाच कुणी काही विचारत नव्हतं!

मुलं मोठी होतात

दुसरी अडचण नावातच होती. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात, डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, ऑटिझमला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. पण नाव होतं "इन्फंटाइल ऑटिझम". म्हणजे शैशवातला. लक्षणं ३० महिन्यांच्या आत दिसली पाहिजेत अशी अट होती. वाचणाऱ्याला वाटावं की हा लहान मुलांचाच आजार, वय वाढलं की संपला.

पण मुलं मोठी होतात ना! डोनाल्डही झाला. कॉलेजात गेला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जगभर फिरला. २०२३ मध्ये वारला तेव्हा नव्वदीच्या जवळ होता.

हे चित्र बदलण्यात लंडनच्या लोर्ना विंग यांचा मोठा वाटा आहे. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. १९७० च्या दशकात त्यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासोबत लंडनच्या कँबरवेल भागातल्या मुलांची पाहणी केली. कॅनरच्या काटेकोर व्याख्येत बसणारी मुलं थोडी होती. पण त्याच प्रकारच्या अडचणी वेगवेगळ्या प्रमाणात असलेली मुलं बरीच जास्त निघाली. "आहे" किंवा "नाही" असे दोन कप्पे करून भागत नव्हतं. यातूनच पुढे "स्पेक्ट्रम" ही कल्पना रुजली. १९८१ मध्ये विंगनी ३४ व्यक्तींची माहिती देणारा लेख लिहिला आणि अ‍ॅस्परगरचं विसरलेलं काम इंग्रजीत आणलं. त्या लेखात मोठी माणसंही होती. बोलणारी, शिकलेली, काही नोकरी करणारी, पण लोकांमध्ये सतत अडखळणारी.

१९९४ मध्ये डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत "अ‍ॅस्परगर्स डिसऑर्डर" हे नाव आलं. (२०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते काढून सगळं ऑटिझम स्पेक्ट्रमखाली एकत्र केलं. ते वेगळं प्रकरण.) आता क्लिनिकच्या दारात मोठी माणसं उभी राहू लागली. तिशीची, चाळिशीची. पण निदानाची साधनं कुठली होती? एक, पालकांची लांबलचक मुलाखत: मूल पहिला शब्द कधी बोललं, बोट दाखवायचं का, कसं खेळायचं. दुसरं, तज्ज्ञांनी समोर बसून केलेलं निरीक्षण. आता पन्नाशीच्या माणसाचे आई-वडील हयात नसतील तर? किंवा आईला आठवतच नसेल तर? शिवाय दोन्ही गोष्टींना प्रशिक्षित माणूस आणि तासन्‌तास वेळ लागतो. दारात रांग वाढत होती. आधी कुणाला आत घ्यायचं हे ठरवायला एखादी सोपी चाळणी हवी होती.

कागदावरची चाळणी

स्वतःच स्वतःबद्दल उत्तरं द्यायची, ही पद्धत तेव्हा नवी नव्हती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती होणाऱ्यांपैकी लढाईच्या धक्क्यानं कोण खचेल, हे आधीच ओळखता यावं म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी "हो" किंवा "नाही" उत्तरांची एक यादी बनवली. ती तयार होईपर्यंत युद्ध संपत आलं होतं, पण कल्पना टिकली. १९३२ मध्ये रेन्सिस लायकर्ट यांनी "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत" अशी पायऱ्यांची पद्धत मांडली. आज झोमॅटोपासून कॉलेजच्या फीडबॅक फॉर्मपर्यंत सगळीकडे तिचीच भावंडं दिसतात.

मग ऑटिझमसाठी ही पद्धत इतक्या उशिरा का आली? कारण एक समज होता. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी लंडनमध्ये एक प्रयोग केला. दोन बाहुल्या, सॅली आणि अ‍ॅन. सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती डब्यात लपवते. परत आलेली सॅली गोटी कुठे शोधेल? बहुतेक ऑटिस्टिक मुलं म्हणाली, डब्यात. म्हणजे सॅलीच्या डोक्यात काय आहे हे त्यांना ओळखता आलं नाही, असा निष्कर्ष निघाला. यावर पुढे खूप वाद झाले. पण तेव्हा वातावरण असं होतं, की ज्याला दुसऱ्याचं मन वाचता येत नाही, तो स्वतःचं मन वाचून फॉर्म कसा भरणार?

दरम्यान ऑटिस्टिक माणसं स्वतः लिहायला लागली होती. १९८६ मध्ये टेंपल ग्रँडिन यांचं आत्मकथन आलं, १९९२ मध्ये डोना विल्यम्स यांचं. "आमच्याबद्दल आम्हालाही सांगता येतं" याचा पुरावा पुस्तकांच्या दुकानात उभा होता.

आणि मग २००१ मध्ये ज्यांनी ती प्रश्नावली आणली ते कोण? तेच बॅरन-कोहेन! आता केंब्रिजमध्ये, सॅली व्हीलराइट आणि इतर सहकाऱ्यांसोबत. प्रश्नावलीचं नाव "ऑटिझम स्पेक्ट्रम क्वोशंट", थोडक्यात एक्यू.

५० वाक्यं, चार गट

एक्यूत ५० वाक्यं आहेत. पाच विषय, प्रत्येकी दहा: लोकांमध्ये वावरणं, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेणं, बारकावे टिपणं, संवाद आणि कल्पनाशक्ती. उत्तराचे चार पर्याय. मध्ये "सांगता येत नाही" अशी पळवाट नाही, बाजू घ्यावीच लागते. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मूळ पद्धतीत "थोडं सहमत" आणि "पूर्ण सहमत" यांना सारखाच एक गुण मिळतो. त्यामुळे "थोडं की पूर्ण?" यावर तुम्ही पाच मिनिटं घालवली असतील, तर ती वाया गेली!

ही वाक्यं चार गटांना दिली. ऑटिझमचं निदान झालेले ५८ प्रौढ. सर्वसाधारण १७४ लोक. केंब्रिज विद्यापीठाचे ८४० विद्यार्थी. आणि ब्रिटनच्या गणित ऑलिम्पियाडचे १६ विजेते. सरासरी अशी आली: निदान झालेल्यांची ३५.८, सर्वसाधारण लोकांची १६.४, विद्यार्थ्यांची १७.६ आणि ऑलिम्पियाडवाल्यांची २४ च्या आसपास. निदान झालेल्यांपैकी ८० टक्के लोकांना ३२ किंवा त्याहून जास्त गुण होते, सर्वसाधारण लोकांपैकी फक्त २ टक्क्यांना. बास, इथून ३२ आला. रक्ततपासणीतल्या साखरेसारखी ती शरीरातली मोजलेली गोष्ट नाही. त्या वेळच्या त्या लोकांमध्ये जिथे रेघ मारली की दोन गट सगळ्यात छान वेगळे होत होते, ती ही जागा.

कट-ऑफ म्हणजे काय हे अ‍ॅडमिशनच्या रांगेत उभं राहिलेल्या मराठी पोरांना वेगळं सांगायला नको. फॉर्म कुणी भरले यावर कट-ऑफ ठरतो, आणि पुढच्या वर्षी बदलतो. इथेही तसंच झालं. २००५ मध्ये प्रौढांच्या क्लिनिकमध्ये पाठवलेल्या १०० लोकांवर हीच प्रश्नावली तपासली, तेव्हा संशोधकांना २६ ची रेघ जास्त उपयोगी वाटली. प्रश्न तेच, माणसं वेगळी, आकडा वेगळा.

"स्वतःचं स्वतःला कळेल का?" ही शंका त्यांनाही होतीच. म्हणून निदान झालेल्या काही जणांच्या पालकांकडूनही मुलाबद्दलची उत्तरं घेतली. फरक किती? सरासरी तीन गुणांच्याही आत, आणि पालकांचे आकडे जास्त. म्हणजे झालंच तर माणसं स्वतःबद्दल थोडं कमीच सांगत होती. ५० वर्षं ज्यांना विचारलं नव्हतं, त्यांना विचारल्यावर उत्तर बऱ्यापैकी खरं निघालं.

आता माझा या सगळ्यातला सर्वात आवडता तपशील. ज्या विद्यार्थ्यांना ३२ किंवा जास्त मिळाले, त्यांच्यापैकी ११ जण मुलाखतीला आले. त्यातले ७ जण निदानाच्या निकषांमध्ये बसत होते. पण निदान कुणालाच दिलं नाही! का? कारण कुणाचीच तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की विद्यापीठात लोकांमध्ये फार मिसळलं नाही आणि दिवसरात्र गणितात किंवा कॉम्प्युटरमध्ये बुडून राहिलं, तर कुणाला विचित्र वाटत नाही. उलट कौतुक होतं.

इथे जरा थांबा. तेच गुण, तोच मेंदू. केंब्रिजच्या वसतिगृहात तो "हुशार" आहे. त्यालाच सेल्सच्या नोकरीत टाका, रोज चाळीस अनोळखी लोकांना फोन करायला लावा, आणि सहा महिन्यांनी बघा. आकडा माणसाबद्दल काहीतरी सांगतो, पण माणूस कुठे उभा आहे हे सांगत नाही. आणि त्रास होतो की नाही, हे बरंचसं त्या जागेवर ठरतं.

टेस्ट व्हायरल होते

"एक्यू हे निदानाचं साधन नाही" हे मूळ लेखातच लिहिलंय. पण डिसेंबर २००१ मध्ये वायर्ड मासिकानं सिलिकॉन व्हॅलीतल्या ऑटिझमवर स्टीव्ह सिल्बरमन यांचा लेख छापला आणि सोबत ही टेस्टही दिली. तिथून ती इंटरनेटवर सुटली ती सुटलीच. संशोधकांची चाळणी लोकांच्या हातात आली.

याचा फायदाही झाला, तो नाकारू नका. आयुष्यभर "तू असा का वागतोस?" ऐकलेल्या हजारो लोकांना पहिल्यांदा त्यांच्या अनुभवाला शब्द मिळाले. डॉक्टरकडे जाऊन काय बोलायचं हे कळलं.

पण चाळणीच्या मर्यादाही दिसू लागल्या. मोठ्या भोकांची चाळणी वाटाणे आणि गहू सहज वेगळे करते. गहू आणि ज्वारी एकत्र टाका, मग बघा. रस्त्यावरच्या माणसाचे १६ आणि निदान झालेल्याचे ३५, हा फरक एक्यू छान दाखवते. पण क्लिनिकमध्ये येणारा माणूस आधीच कशानं तरी हैराण असतो. २०१६ मध्ये लंडनमधल्या एका खास क्लिनिकमध्ये आलेल्या ४७६ प्रौढांचा अभ्यास झाला. तिथे एक्यूच्या गुणांवरून कुणाला निदान मिळेल याचा नीट अंदाज येतच नव्हता. रेघेच्या खाली गुण आलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांना नंतर ऑटिझमचं निदान झालं. उलट बाजूला, सततच्या चिंतेच्या विकारामुळे गुण फुगू शकतात असंही दिसलं. लोकांमध्ये जायला नको वाटणं, बदल नको वाटणं, ही उत्तरं चिंतेतूनही येतात आणि ऑटिझममधूनही. कागदाला दोन्ही सारखीच दिसतात.

एका शब्दाची चूक

२०१२ मध्ये ५० वाक्यांतून १० निवडून एक्यू-१० बनली. धावपळीतल्या डॉक्टरला दोन मिनिटांत वापरता यावी म्हणून. तिची रेघ होती ६. म्हणजे ६ किंवा त्याहून जास्त आले, तर सविस्तर तपासणीला पाठवा.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेनं ती आपल्या सूचनांमध्ये घेतली. पण लिहिताना झालं "६ पेक्षा जास्त". फरक कळला? "६ किंवा जास्त" आणि "६ पेक्षा जास्त". ज्याला बरोबर ६ मिळाले, तो पहिल्या वाक्यात आत आहे आणि दुसऱ्या वाक्यात बाहेर. डॉक्टरला स्वतःचा अंदाज वापरायची मुभा होती हे खरं, पण निव्वळ गुणांवर जाणाऱ्याच्या हातात चुकीची रेघ होती. ही चूक २०२१ पर्यंत तशीच राहिली. काही संशोधकांनी लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात ती दाखवून दिल्यावर दुरुस्ती झाली. नऊ वर्षं! अर्ध्या मार्कानं अ‍ॅडमिशन हुकलेल्यांना याचं दुःख बरोबर कळेल.

मुलींना कुणी विचारलं?

आता त्या ५८ प्रौढांकडे परत जाऊ, ज्यांच्यावरून ३२ ठरला. त्यात पुरुष ४५, बायका १३. काही वाक्यांवर याची सावली दिसते. गाड्यांच्या नंबरप्लेट, तारखा, आकडे, अशा गोष्टींकडे लक्ष जातं का, हे विचारलंय. पण जी मुलगी एका लेखिकेची सगळी पुस्तकं तितक्याच झपाटलेपणानं वाचते, किंवा मांजरांबद्दल तासन्‌तास बोलू शकते, तिचं काय? तिच्यात तीच ओढ असते, फक्त विषय घरच्यांना "नॉर्मल" वाटतो.

त्याहून मोठी अडचण मुखवट्याची. फोन करण्याआधी वाक्यं मनात पाठ करणं. समोरच्याच्या डोळ्यांत किती सेकंद बघायचं हे मोजणं. मैत्रिणीचं हसणं, हातवारे उचलणं. लग्नात चार तास सगळ्यांशी गोड बोलून घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणात पडणं. "तुम्हाला लोकांशी बोलायला जमतं का?" याचं अशा व्यक्तीचं खरं उत्तर "हो, जमतं" असंच आहे. किती किंमत मोजून, ते प्रश्नात विचारलेलंच नाही.

लंडनच्या लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी आधी ऑटिस्टिक प्रौढांना विचारलं, की तुम्ही हे लपवता कसं आणि का? त्या अनुभवांवरून २०१९ मध्ये २५ वाक्यांची कॅट-क्यू ही प्रश्नावली आली. ती ऑटिझम मोजत नाही, मुखवटा मोजते. ऑटिस्टिक बायकांचे गुण ऑटिस्टिक पुरुषांपेक्षा जास्त आले. इथे बदल बघा: १९३८ मध्ये माहिती वडिलांच्या पत्रातून आली होती. २०१९ मध्ये प्रश्नच मुळात ऑटिस्टिक माणसांच्या सांगण्यातून तयार झाले.

मध्ये २०११ मध्ये आलेली राड्स-आर ही ८० वाक्यांची प्रश्नावलीही तुमच्या फीडवर फिरते. तिची युक्ती चांगली आहे. प्रत्येक वाक्याला "आता आणि लहानपणीही", "फक्त आता", "फक्त १६ वर्षांच्या आत" आणि "कधीच नाही" असे पर्याय. ऑटिझम जन्मापासून असतो, मध्येच नोकरीच्या ताणामुळे सुरू होत नाही, म्हणून काळ विचारला. पण ही प्रश्नावली तज्ज्ञासमोर बसून भरण्यासाठी बनवली होती. तिच्यासाठी ६५ ही रेघ ठरली आणि पहिल्या अभ्यासात ती जवळपास अचूक दिसली. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आलेल्या लोकांवर तपासलं, तेव्हा गुण आणि अंतिम निदान यांचा संबंधच लागेना. पुन्हा तेच: माणसं बदलली, चाळणी बदलली.

आणि आपण?

२०१३ मध्ये ब्रिटन, भारत आणि मलेशियातल्या विद्यार्थ्यांच्या एक्यूची तुलना छापून आली. भारत आणि मलेशियातल्या विद्यार्थ्यांचे गुण ब्रिटिश विद्यार्थ्यांपेक्षा जास्त निघाले. याचा अर्थ आपल्याकडे ऑटिझम जास्त, असा लगेच काढू नका. चांगलं वागणं म्हणजे काय, हे प्रत्येक समाजात वेगळं असतं, आणि प्रश्न एका समाजात बसून लिहिलेले आहेत.

उदाहरण घ्या. एका वाक्यात पार्टी आणि लायब्ररी यांच्यातली निवड आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा. उत्तर लायब्ररी! कारण पूर्वपरीक्षा जवळ आली आहे. दुसऱ्या वाक्यात नाटक आवडेल की म्युझियम, असं विचारलंय. आपल्याकडे नाटक म्हणजे घरच्यांसोबतचा रविवार, आणि म्युझियम म्हणजे शाळेची सहल. किंवा हवापाण्याच्या गप्पा आवडतात का, हा प्रश्न घ्या. इंग्रजीतला तो शब्द वरवरच्या बोलण्यासाठी आहे. मराठीत "गप्पा" म्हटलं की जीवाभावाचं बोलणं आठवतं. भाषांतर केलं की प्रश्नच बदलतो.

आणखी एक गोष्ट. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जे मोजमाप वापरतात ते २००९ मध्ये इथेच तयार झालेलं आयएसएए. त्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० पासून पुढे ऑटिझम धरतात. ते गुण तज्ज्ञ देतात, निरीक्षण करून आणि पालकांशी बोलून. लहान मुलासाठी हे योग्यच आहे. पण एकटी राहणारी, नोकरी करणारी, मुखवटा पक्का बसलेली तिशीची बाई तिथे गेली तर? तिची अडचण बाहेरून दिसत नाही, आतून सांगता येते. आपण पुन्हा वडिलांच्या पत्रापाशी येऊन थांबतो.

तर ३४ म्हणजे काय?

ज्या श्रोतीनं विचारलं, तिच्यासाठी आणि मेसेज न केलेल्या बाकीच्यांसाठी सांगतो. ३४ म्हणजे असं: २००१ च्या आसपास इंग्लंडमध्ये निदान झालेल्या ५८ लोकांनी, ज्यात बहुतेक पुरुष होते, जशी उत्तरं दिली, साधारण तशी उत्तरं तुम्ही दिलीत. इतकंच. हे क्षुल्लक नाही. सर्वसाधारण माणूस सहसा असं उत्तर देत नाही. पण हा निकालही नाही. आणि ज्यांना १९ आले पण आतून काहीतरी जुळल्यासारखं वाटतंय, त्यांच्यासाठीही हा निकाल नाही. त्या ६४ टक्क्यांची आठवण ठेवा.

आकड्यापेक्षा उपयोगी गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे. टेस्ट भरताना कुठल्या वाक्याला तुम्ही थबकलात? "अरे, हे तर मीच" असं कुठे वाटलं? ते लिहून काढा. सोबत एक एक प्रसंग लिहा: शाळेतला, नोकरीतला, लग्नातला. लहानपणचं काय आठवतं ते आईला, मावशीला, मोठ्या भावाला विचारा. काय जमतं यासोबत ते जमवायला काय मोजावं लागतं, तेही लिहा. आणि त्रास होत असेल, तर मोठ्यांचं निदान करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे तो कागद घेऊन जा. स्क्रीनशॉट दाखवला तर बोलणं एका मिनिटात संपेल. त्या कागदावर तासभर बोलता येईल.

डोनाल्डच्या वडिलांनी ३३ पानं लिहिली, कारण मुलाला कुणी विचारणार नव्हतं. तुमची पानं तुम्ही लिहा. तीन पुरतील.

आजचा भाग इथेच थांबवूया. ज्याच्या फोनमध्ये असा एखादा स्क्रीनशॉट पडून असेल, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!